कुलूप कोणासाठीं ?

लग्नसराई आणि उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली, कीं या सदराकडे येणाऱ्या पत्रांचे विषय बदलतात. लोणच्याला बुरशी कां आली, मुलाचें अक्षर कसें सुधारावें, हे प्रश्न मागें पडतात आणि घराच्या कुलपांविषयीं विचारणा सुरू होते. या खेपेस एका भगिनींनीं लिहिलें आहे : "घरांतील नऊ माणसें दहा दिवसांसाठीं लग्नास परगांवीं जाणार आहोंत. मागें सासूबाई व मामंजी दोघेंच राहतील. शेवटचे तीन दिवस तींहि लग्नास येतील आणि घर बंद राहील. कोणी कॅमेरे बसवा म्हणतात, कोणी रखवालदार ठेवा म्हणतात. दोन्ही गोष्टी आमच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. आपल्या हातानें आम्हांला काय करतां येईल ?" प्रश्न नेमका आहे आणि त्याचें उत्तरहि नेमकें देतां येईल. परंतु उत्तराकडे वळण्यापूर्वीं मला माझ्याच घरची एक हकीकत सांगितली पाहिजे. तिच्यामुळें कुलपाकडे पाहण्याची माझी दृष्टि बदलली.

आमचा वाडा वाईस. सन १९८६ मध्यें आम्ही लहानथोर मिळून चौदा माणसें तेथें एकत्र राहत होतों. वाड्यांत कोणी ना कोणी नेहमींच असे, म्हणून पुढच्या दाराचें पितळी कुलूप वर्षांतून दोनतीन वेळांच लागे. तें लागलें म्हणजे किल्ली परसांत, तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यांत, पणतीच्या मागें ठेवावयाची, ही पद्धत आजोबांच्या वेळेपासूनची. घरांतील सहा वर्षांच्या पोरालाहि ती ठाऊक होती. आणि आतां वाटतें, कीं साऱ्या आळीलाहि ठाऊक असावी. त्या वैशाखांत चुलत बहिणीच्या लग्नासाठीं आम्ही सर्वजण तीन दिवस साताऱ्यास गेलों. परत आलों तों कुलूप जागच्या जागीं, किल्ली पणतीच्या मागें, सारें कांहीं ठाकठीक. चवथ्या दिवशीं आईनें कपाटांतला डबा उघडला, तेव्हां तिच्या पाटल्यांची जोडी आणि आजीची बोरमाळ त्यांत नव्हती.

कुलूप फुटलेलें नाहीं, खिडकी मोडलेली नाहीं. मग चोर बाहेरचा कसा असेल ? 'घरचा भेदी' ही म्हण त्या दिवशीं चार जणांच्या तोंडीं आली. आणि घरचा म्हणजे आप्तांपैकीं कोणी नव्हे, हें कोणीं न सांगतांच ठरलें. बारा वर्षें आमच्याकडे भांडीं घासावयास येणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचें नांव प्रथम कोणीं घेतलें, तें आज कोणालाच आठवत नाहीं. परंतु तें कोणीं खोडून काढलें नाहीं, हें मला पक्कें आठवतें. मींहि खोडून काढलें नाहीं. मी तेव्हां नुकताच शाळेंत लागलों होतों आणि पुराव्यावांचून कोणावर आळ घेऊं नये, असें मुलांना रोज शिकवीत होतों. पोलीस त्या बाईंच्या घरीं जाऊन आले. कांहीं सांपडलें नाहीं. पण आळींतील पांच घरांचीं त्यांचीं कामें आठ दिवसांत सुटलीं.

आठ महिन्यांनीं दुसऱ्याच एका गांवीं एक इसम पकडला गेला. त्यानें जीं घरें सांगितलीं, त्यांत आमचेंहि होतें. आदल्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडीं कौलें चाळावयास आलेल्या गड्यांत तो होता. शेवटच्या दिवशीं काम आटोपतें न आटोपतें तोंच आई घराला कुलूप लावून कीर्तनास निघाली. तिनें किल्ली कोनाड्यांत ठेवली, तें त्यानें शिडीवरून पाहिलें होतें. वर्षभर त्यानें तेवढेंच लक्षांत ठेवलें.

ही बातमी कळली त्याच दिवशीं आई त्या बाईंच्या घरीं गेली. त्यांनीं तिला बसावयास पाट दिला, चहा केला, एकहि कठोर शब्द उच्चारला नाहीं. परंतु पुन्हां त्या कामास आल्या नाहींत. पाटल्या गेल्याचें दुःख आई वर्ष-दोन वर्षांत विसरली. तो चहा मात्र ती अखेरपर्यंत विसरली नाहीं.

संस्कृत शिकविणाऱ्या मास्तरास अशा वेळीं 'मृच्छकटिक' आठवणें क्रमप्राप्तच आहे. शूद्रकाचें हें नाटक देवलांनीं मराठी रंगभूमीवर आणिलें, त्यामुळें चारुदत्त आणि वसंतसेना हीं नांवें आपल्या घरोघरीं परिचित आहेत. मूळ नाटकाच्या तिसऱ्या अंकांत शर्विलक हा चोर चारुदत्ताच्या घराला भोंक पाडतो. हा शर्विलक शास्त्र शिकलेला आहे. भाजलेल्या विटा ओढून काढाव्या, कच्च्या विटा कापाव्या, मातीची भिंत भिजवावी आणि लांकडाची चिरावी, हे चारहि प्रकार त्याला मुखोद्गत आहेत. परंतु त्याची खरी हुशारी हत्यारांत नसून परीक्षेंत आहे. तो प्रथम भिंत फोडीत नाहीं. प्रथम ती चांचपून पाहतो. रोज सूर्याला अर्घ्य देतांना जेथें पाणी सांडतें, तेथील जागा लोणा लागून खंगली आहे आणि उंदरांनीं तेथें माती उकरली आहे, हें त्याच्या हाताला समजतें. त्या जागींच तो संधि साधतो. भिंत वाईट नव्हती. घरच्यांच्या नित्याच्या संवयीनें तिचा हातभर भाग पोखरला होता, आणि तो घरच्यांना दिसत नव्हता इतकेंच. आमच्या कोनाड्यांतील किल्ली ही तशीच लोणा लागलेली जागा होती.

त्या अंकांतील पुढची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. चोरी उघडकीस आल्यावर चारुदत्ताला धनाची चिंता पडत नाहीं. वसंतसेनेची ठेव चोरानें नेली, हें खरें कोण मानील, ही त्याची चिंता आहे. तो दरिद्री झाला आहे आणि दरिद्री माणसावर जग आधीं संशय घेतें, हें तो जाणून आहे. चोर माल घेऊन निघून जातो. आळ मागें राहतो आणि तो घरांतील अगर घराजवळच्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या डोक्यावर जाऊन बसतो. म्हणून माझें सांगणें असें, कीं घराचा बंदोबस्त केवळ सोन्यासाठीं करावयाचा नसतो. आपल्या घरीं राबणाऱ्या, जाणाऱ्या-येणाऱ्या निरपराध माणसांवर आपल्याच हातून अन्याय होऊं नये, यासाठीं तो करावयाचा असतो.

आतां भगिनींच्या प्रश्नाकडे येतों. पहिलें काम बिनखर्चाचें आहे. एखाद्या रविवारीं दिवेलागणीच्या वेळीं घरांतील दिवे लावावे, एक वही घ्यावी आणि घराबाहेर पडून, आपण या घरांत चोरी करावयास आलों आहोंत असें समजून, घराभोंवतीं एक प्रदक्षिणा घालावी. बरोबर दहाबारा वर्षांचा मुलगा अगर मुलगी अवश्य न्यावी. मुलांची दृष्टि या कामीं मोठ्यांहून तीक्ष्ण असते. रस्त्यावरून कपाट दिसतें काय ? शिडी उघड्यावर पडली आहे काय ? बागेंतली पहार भिंतीला टेकून ठेवली आहे काय ? खिडकींतून हात घातला तर दाराची कडी हाताशीं येते काय ? जें जें दिसेल तें वहींत लिहावें. शिडी व पहार आपण आपल्या सोयीसाठीं परसांत ठेवतों. परंतु शर्विलकाला हत्यारें बरोबर आणावीं लागलीं होतीं, आपल्या पाहुण्याला मात्र आपणच तीं पुरवितों. शिडी सांखळीनें बांधून तिला कुलूप घालावें आणि लोखंडी हत्यारें आंत घ्यावीं.

दुसरी गोष्ट पुढच्या दाराची. बाजारांत गेलें कीं आपण मोठें, जड कुलूप विकत घेतों आणि तें अर्ध्या इंचाच्या स्क्रूंनीं बसविलेल्या कोयंड्याला अडकवितों. चोर कुलपाच्या वाटेस जातच नाहीं. तो कोयंड्यांत पहार घालतो आणि एका हिसक्यांत कुलुपासकट कोयंडा उपटतो. म्हणून कुलुपापेक्षां त्याच्या मुळाकडे आधीं पाहावें. चौकटीवर बसविलेल्या भागाचे आंखूड स्क्रू काढून तेथें अडीच इंची स्क्रू पिळावे. आधीं गिरमिटानें बारीक भोंक पाडून घ्यावें, म्हणजे लांकूड चिरत नाहीं. दाराच्या फळीची जाडी इतकी नसते, म्हणून तेथें आरपार जाणारे बोल्ट घालून आंतल्या बाजूनें रुंद चकती व नट आंवळावे. कोयंडा असा निवडावा, कीं तो बंद झाल्यावर त्याचे स्क्रू त्याच्याच पट्टीखालीं झांकले जातील. उघड्यावर दिसणारा स्क्रू काढावयास दोन मिनिटें पुरतात. कुलूप घेतांना त्याची कडी जाड आणि आंखूड पाहावी; कडी आणि कोयंडा यांच्यामध्यें फट जितकी कमी, तितकी पहारीला जागा कमी.

येथें एक अडचण आहे. दाराबाहेर लोंबणारें कुलूप कितीहि भक्कम असलें, तरी 'घरांत कोणी नाहीं' अशी पाटीच तें लावून ठेवतें. शक्य असेल तर दाराच्या अंगांत बसणारें कुलूप वापरावें. तें बाहेरून पाहणाऱ्याला घरांत माणूस आहे कीं नाहीं हें सांगत नाहीं. दार ओढून घेतांच आपोआप लागणारें लॅचचें कुलूप अनेक घरांत असतें. नुसतें दार ओढल्यावर त्याची तिरपी जीभ तेवढी चौकटींत जाते आणि ती प्लास्टिकच्या पातळ पट्टीनेंहि मागें सरकवितां येते. बाहेर पडतांना किल्ली पुरी फिरवून दुसरी, चौकोनी जीभ बाहेर काढावी. हा एक क्षणाचा आळस फार महागांत पडतो. अशा कुलपांत गोडें तेल घालूं नये. तें धूळ धरतें आणि कुलूप अडतें. पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड किल्लीला लावून ती चारदोन वेळां फिरविली, म्हणजे पुरे.

आपल्या जुन्या वाड्यांच्या दारांना मागून अडसर असे. भिंतींतील खोबणींतून लांकडाची जाड तुळई ओढावयाची आणि समोरच्या भोकांत सारावयाची; मग बाहेरून कितीहि रेटा दिला तरी तो दोन्हीं भिंतींवर वांटला जाई. ज्यांच्या घरीं अडसर अद्याप आहे, त्यांनीं तो शोभेची वस्तु न समजतां रोज रात्रीं लावावा. ज्यांच्याकडे नाहीं, त्यांनीं चौकटीच्या दोन्हीं अंगांस लोखंडाच्या दोन आंकड्या भिंतींत पक्क्या बसवून त्यांवर एक आडवा दांडा ठेवावा. आंत उघडणाऱ्या दाराला हा उपाय उत्तम आहे आणि गांवांतला लोहार तो एका दिवसांत करून देतो. मात्र घरांतील वृद्धांना उचलतां येईल इतकाच दांडा जड असावा.

दार बाहेर उघडणारें असेल, तर त्याच्या बिजागऱ्या बाहेरून दिसतात. चोर बिजागरीची खीळ ठोकून काढतो आणि दार उलट्या बाजूनें उघडतो. याला उपाय सोपा आहे. दार उघडून बिजागरीच्या चौकटीकडील पात्यांतला एक स्क्रू काढावा. त्या जागीं लांब स्क्रू असा पिळावा, कीं त्याचें डोकें अर्धा इंच बाहेर राहील. मग तें डोकें लोखंड कापण्याच्या करवतीनें उडवून कानशीनें गुळगुळीत करावें. समोरच्या, दाराकडील पात्यांतला त्याच जागचा स्क्रू काढून तें भोंक गिरमिटानें मोठें व पुरेसें खोल करावें. दार लागलें, कीं ही खुंटी त्या भोकांत जाऊन बसते. मग खीळ काढली तरी दार चौकटींतून निघत नाहीं. वरच्या आणि खालच्या, दोन्ही बिजागऱ्यांना असें करावें.

तिसरी गोष्ट खिडक्यांची. प्रत्येक गज हातानें धरून हलवून पाहावा. आपल्या पावसांत लांकडी चौकटीचा खालचा भाग आधीं कुजतो. वरून रंग ताजा दिसतो आणि आंत भुसा झालेला असतो. तो शर्विलकाच्या हाताला समजेल, तसा आपल्याहि हाताला समजला पाहिजे. सरकत्या खिडक्या असतील, तर खालच्या खांचेंत मापाची लांकडी काठी आडवी ठेवावी, म्हणजे खिडकी सरकत नाहीं. आणि वरच्या खांचेंत एकदोन स्क्रू थोडे बाहेर ठेवून पिळावे, म्हणजे तावदान उचलून काढतां येत नाहीं. उन्हाळ्यांत खिडकी उघडी ठेवून निजणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें, कीं गजांतून काठी घालून सदरा, पिशवी किंवा उशाचा मोबाईल ओढून नेणारे चोर नवे नाहींत. या वस्तु खिडकीपासून दूर ठेवाव्या. आणखी एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची : साऱ्या खिडक्यांना पक्क्या जाळ्या ठोकून घर पिंजरा करूं नये. आग लागली तर निघावयाचें कोठून ? निदान एका खिडकीची जाळी बिजागरीची असावी. तिचें कुलूप आंतून असावें, आणि किल्ली घरच्यांना अंधारांतहि सांपडेल पण बाहेरच्या हाताला पोंचणार नाहीं, अशा खिळ्यावर असावी.

चवथी गोष्ट अंगणाची. खिडकीखालीं दाट झुडूप वाढवूं नये. त्याच्या आड माणूस बसतो. तेथें गुडघ्याइतकीं रोपें ठेवावीं किंवा जाडी खडी पसरावी. रात्रीं खडीवर पाऊल वाजल्यावांचून राहत नाहीं. कुंपणाला बोगनवेल अगर करवंदीची जाळी उत्तम. माणसाची चाहूल लागतांच आपोआप पेटणारे दिवे आतां साध्या विजेच्या दुकानांतहि मिळतात. मागच्या दाराशीं असा एक दिवा लावावा. शर्विलक घरांतला दिवा विझवितो, तो उगीच नव्हे.

पांचवी गोष्ट बंद घराची. घर रिकामें आहे, हें चोराला कुलूप सांगतें तसें इतरहि अनेक गोष्टी सांगतात. दाराशीं चार दिवसांचीं वर्तमानपत्रें साठलेलीं, दुधाची पिशवी तशीच पडलेली, दोरीवर एकच लुगडें आठवडाभर वाळत असलेलें, आणि रोज रांगोळी असणाऱ्या उंबरठ्यापुढें रांगोळी नाहीं. इतकें वाचावयाला शाळेंत जावें लागत नाहीं. वर्तमानपत्र व दूध बंद करावें. शेजारच्या मुलीला सकाळीं दोन ठिपक्यांची रांगोळी काढावयास सांगावें. ती आनंदानें काढील. ठरलेल्या वेळीं दिवा लावणारें व घालविणारें विजेचें घड्याळ मिळतें, तें माजघरांतल्या दिव्याला जोडावें. लग्नाचे फोटो मोबाईलवरून साऱ्या जगाला परत आल्यावर पाठवावे. मुलांना हें निघण्यापूर्वींच सांगून ठेवावें. जवळच्या पोलीस ठाण्यावर घर किती दिवस बंद राहील हें कळवावें. आणि किल्ली ? ती तुळशींत नाहीं, कुंडीखालीं नाहीं, मीटरच्या पेटींत नाहीं. ती एका विश्वासाच्या घरीं, एका माणसाच्या हातांत द्यावी, आणि तिच्यावर नांव-पत्ता लिहूं नये. कोणाकडे कोणती किल्ली आहे, याची नोंद वहींत असावी. ही नोंद अविश्वासाची नव्हे. उद्यां कांहीं घडलें तर ज्याच्याकडे किल्ली नव्हती त्याचें नांव आपल्या जिभेवर येऊं नये, म्हणून ती ठेवावयाची.

सहावी गोष्ट सोन्याची. रोज अंगावर नसलेले दागिने घरीं ठेवूंच नयेत. बँकेच्या निष्काळजीपणानें अगर तिच्या नोकरांच्या लबाडीनें लॉकरमधील वस्तु गेल्यास, वार्षिक भाड्याच्या शंभरपटीइतकी तिची जबाबदारी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनीं १ जानेवारी २०२२ पासून ठरविली आहे; म्हणजे तेथेंहि आपली यादी आपल्याजवळ असली पाहिजे. प्रत्येक दागिन्याचा फोटो, वजन आणि पावती एका लखोट्यांत ठेवावी. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची ओळखखूण सक्तीची झाली आहे; ती भिंगानें वाचून यादींत उतरून घ्यावी. आमच्या पाटल्यांचें वजनहि आईला नक्की सांगतां आलें नव्हतें.

आतां सासूबाई आणि मामंजी दोघेंच असतांना काय करावें. दारावर भिंग व सांखळी दोन्ही असावीं, आणि सांखळीचे स्क्रूहि वर सांगितल्याप्रमाणें लांब असावे. अनोळखी माणसाशीं सांखळी लावूनच बोलावें. दागिने उजळून देतों म्हणणारा, पुढें दंगल चालली आहे म्हणून अंगावरचें सोनें काढून पुडींत बांधा असें सांगणारा तोतया पोलीस, हे आपल्या गांवोगांवचे जुने ठग आहेत. शिवाय एक युक्ति सांगतों. दाराला लावावयाची बिनतारी घंटा बाजारांत स्वस्त मिळते. तिचें बटण मामंजींच्या उशाशीं ठेवावें आणि घंटा शेजाऱ्यांच्या घरीं लावावी. एकदां वाजवून पाहावी, म्हणजे अंतराची खात्री होते. रात्रीं कोणी आंत शिरल्याचें कळलें, तर काठी घेऊन सामोरें जाऊं नये. खोलीचें दार आंतून लावावें, घंटा दाबावी आणि ११२ या क्रमांकावर फोन करावा. प्राणापुढें पाटल्यांची किंमत कांहींच नाहीं.

आजकालचा आणखी एक चोर भिंत फोडीत नाहीं. तो फोनवरून येतो. आपण पोलीस आहों, तुम्हांला मोबाईलवरच अटक केली आहे, असें सांगतो आणि बँकेंतले पैसे मागतो. कोणतेंहि सरकारी खातें फोनवर अटक करीत नाहीं. 'मृच्छकटिकां'त मैत्रेय झोंपेंत बरळतो आणि चोरालाच चारुदत्त समजून अलंकारांची पेटी आपल्या हातानें त्याच्या स्वाधीन करतो. फोनवर ओटीपी सांगणारा शहाणा माणूस त्या घटकेस तसाच निजलेला असतो. फोन खालीं ठेवावा, घरांतील दुसऱ्या माणसाला हांक मारावी, आणि पैसे गेलेच असतील तर विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर कळवावें. कॅमेऱ्याचें म्हणाल, तर ज्यांना परवडेल त्यांनीं तो बसवावा. परंतु तो काय घडलें तें दाखवितो, दार धरून ठेवीत नाहीं. आधीं अडीच इंची स्क्रू, मग कॅमेरा.

आणि इतकें करूनहि चोरी झालीच, तर ? वस्तूंना हात लावूं नये, पोलिसांना बोलवावें, यादी त्यांच्या हातीं द्यावी. किल्लीची वही त्यांना दाखवावी. परंतु घरांत बसून साप म्हणून भुई धोपटूं नये. पहिल्या दिवशीं कोणाचेंहि नांव घेऊं नये, आणि दुसऱ्यानें घेतलें तर तें तेथल्या तेथें खोडून काढावें. हें शेवटचें काम सर्वांत अवघड आहे, कारण त्याला हत्यार लागत नाहीं, धैर्य लागतें. १९८६ सालीं वाईच्या वाड्यांत तें माझ्या अंगीं नव्हतें.

आमच्या तुळशीवृंदावनाचा तो कोनाडा अद्याप आहे. आतां त्यांत फक्त पणती असते. वाड्याची दुसरी किल्ली पांच घरें पलीकडे, त्याच बाईंच्या सूनबाईंकडे असते. त्या आमच्याकडे कामास येत नाहींत. त्यांचें स्वतःचें शिवणाचें दुकान आहे. किल्ली त्यांच्याकडे ठेवण्याचें आईनेंच, जाण्यापूर्वीं दोन वर्षें, सुचविलें. तिनें ती स्वतः नेऊन दिली, आणि या वेळीं तिनें चहा मागून घेतला, असें त्या सांगतात.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं निघण्यापूर्वींच्या रविवारीं हीं कामें उरकावीं, मुलांना हाताशीं घ्यावें आणि मग निश्चिंत मनानें लग्नास जावें. सासूबाईंना व मामंजींना माझा नमस्कार सांगावा.